हवा भरायला कुठला व्हॉल्व्ह घ्यावा?
घरी हवेच्या दाबावर चालणारं काही बनवताय? मग हवा भरायला मोटरसायकलच्या टायरला असतो तो श्रेडर व्हॉल्व्ह घ्या. पेट्रोल पंपावरच्या नळीनेही हवा भरता येते. ट्यूबलेसचा रबरी, खेचून बसवायचा प्रकार मात्र नको. तो साधारण 65 पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो. पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘धातूचा, नटवाला’ मागा.

टाकीला आट्यांचं भोक असेल तर 1/8 इंची टँक व्हॉल्व्ह, म्हणजे बुडाला आटे असलेला श्रेडर. खरी गोची इथेच आहे. आट्यांची मापं दोन: ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. या मापात बीएसपीला इंचामागे 28 आटे, एनपीटीला 27. चुकीची जोडी एक-दोन फेरे मस्त जाते, मग अडते. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, भरवसा नाही. त्यापेक्षा टाकीचं फिटिंगच पिशवीत टाकून न्या आणि गल्ल्यावर पैसे देण्याआधी हाताने फिरवून बघा.

बसवल्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे मधल्या पिनेपाशी आले तर पिन घट्ट करा, बुडाशी आले तर वॉशर बदला.

दाब जास्त झाला की हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा हवाच. आणि टाकी म्हणून पीव्हीसी पाइप अजिबात नको, फुटला की तुकडे उडतात.