टोन झालेलं मॉडर्न नाणं ग्रेडिंगला पाठवायचंय? आधी दिव्याखाली धरा

समजा तुमच्याकडे चांदीचं एखादं नाणं आहे, कित्येक वर्षं डब्यात पडून राहिलेलं, आणि आज बाहेर काढून बघता तर कडेला निळं, आत जांभळं, मधे सोनेरी, एकदम भारी. अशा रंग चढलेल्या नाण्यालाच टोन झालेलं म्हणतात. लगेच वाटतं की पाठवून द्यावं ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून दर्जाचा आकडा देणाऱ्या कंपनीकडे, स्लॅबमध्ये म्हणजे लेबल लावलेल्या कडक प्लॅस्टिकच्या डबीत बसून येईल. पाठवा की, पण फॉर्म भरायच्या आधी अर्धा तास नाण्याला द्या. कारण टोन झालेल्या मॉडर्न नाण्याच्या बाबतीत ७० पैकी ६८ की ६९ हा प्रश्न नंतरचा, ग्रेडर आधी हे बघतो की हा रंग आपोआप चढलाय का कोणीतरी चढवलाय. तिथेच नापास झालं तर आकडा मिळतच नाही, लेबलवर नुसतं डिटेल्स, म्हणजे नाण्यात दोष आहे असा शेरा, येतं आणि फी तर गेलेलीच असते.

माझा पहिला लॉट पाच नाण्यांचा होता, त्यातली तीन अशीच रंग संशयास्पद म्हणून परत आली. तिन्ही मी एकाच विक्रेत्याकडून घेतलेली, फोटो बघून, आणि फोटोत ती मोराच्या पिसासारखी दिसत होती. हातात आल्यावर जरा भडकच वाटली होती पण मन मानेना, म्हटलं बघू काय होतं. झालं ते झालं, पण त्यानंतर एक सवय लागली की घरी खात्री पटल्याशिवाय नाणं पाकिटात जात नाही.

खात्री कशी करायची हे कळायला टोनिंग म्हणजे काय ते थोडं माहीत हवं. हवेतलं किंवा कागद-पुठ्ठ्यातलं गंधक चांदीशी हळूहळू जुळतं आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. दिसणारा रंग हा रंगद्रव्याचा नसतो, थर किती जाड झालाय त्यावर प्रकाश कसा परततो त्याचा तो खेळ असतो, साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावर पसरलेल्या तेलावर दिसतो तसाच. म्हणून रंगांना क्रम असतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग लालसर-जांभळा, मग गडद निळा, मग फिकट आकाशी, आणि थर आणखी वाढला की पिवळा-गुलाबी-हिरवा असा पुढचा फेरा. सगळ्यात शेवटी काळा. आता तुमच्या नाण्यावर गडद निळा पट्टा आहे आणि त्याला लागूनच पांढरी स्वच्छ चांदी, मधे ना सोनेरी ना जांभळा, तर विचार करा की मधल्या पायऱ्या गेल्या कुठे. नैसर्गिक टोनिंगमध्ये सहसा एका रंगातून दुसऱ्यात हळूच जाणं दिसतं. माझ्या मते ही एकच खूण नवख्या माणसाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाचवते.

दुसरी गोष्ट लस्टर, म्हणजे नाण्याचं मूळ तेज. खोलीतले बाकी दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा, नाणं कडेने धरून सावकाश तिरकं फिरवा. टाकसाळीतून आलेल्या न वापरलेल्या नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरतात, त्याला कार्टव्हील म्हणतात, आणि चांगल्या टोनिंगमध्ये हे पट्टे रंगातूनही तसेच फिरताना दिसतात. रंग वर रंगवल्यासारखा बसलाय आणि खालचं तेज मेलेलं आहे असं वाटलं तर एकतर ते नाणं आधी कधीतरी डिप करून, म्हणजे साफ करायच्या रसायनात बुडवून, किंवा घासून झालंय, नाहीतर रंग नंतर चढवलाय. ओरखड्यांकडे पण बघा, भिंगातून. बारीक रेषांच्या आत रंग जास्त गडद साचला असेल तर आधी घासलं आणि मग रंग आला असा त्याचा अर्थ निघतो, आणि ग्रेडरला हे दिसतंच, त्याच्या हाताखालून रोज कितीतरी नाणी जातात.

तिसरं म्हणजे हा रंग आला कुठून याचं उत्तर नाण्याच्या अंगावर दिसतंय का. पुठ्ठ्याच्या अल्बमच्या भोकात राहिलेलं नाणं कडेकडून आत रंगत जातं, कारण गंधकवाला पुठ्ठा कडेला असतो. पाकिटात पडून राहिलेल्या नाण्याला बऱ्याचदा एकच बाजू रंगते. अमेरिकेच्या १९४७ ते १९५८ च्या मिंट सेटमध्ये, म्हणजे टाकसाळीने विकलेल्या नाण्यांच्या संचात, नाणी पुठ्ठ्यात बसवलेली असायची आणि त्यातली कितीतरी नाणी अप्रतिम टोन झालीत, त्यामुळे तशा रंगाची ग्रेडरला सवय आहे. मॉडर्नमध्ये अडचण वेगळी आहे. १९६५ पासून तिथल्या डाइम आणि क्वार्टरमधून चांदी गेली, वर तांबं-निकेलचा थर आला, आणि तो रंगतो पण सावकाश, त्यामुळे तसल्या नाण्यावर एकदम इंद्रधनुष्य दिसलं की शंका आधी येते. उलट अमेरिकेचंच सिल्व्हर ईगल नाणं घ्या, १९८६ पासून निघतंय, .९९९ चांदी, ४०.६ मिमी म्हणजे चांगलं मोठं, रंग खुलून दिसायला भरपूर जागा. म्हणूनच त्याच्यावर कारागिरी करणारेही खूप, कोणी उष्णता देतो कोणी गंधकाची रसायनं लावतो, आणि म्हणून रंगीत ईगल आलं की ग्रेडर कडक होतो. तुमचं खरं असलं तरी त्याला त्या गर्दीतूनच जावं लागतं. आणि हो, तुम्ही सोबत चिठ्ठी लिहिलीत की हे माझ्या मामाने स्वतः पाकिटातून काढलं तरी उपयोग नाही, ग्रेड नाण्याला मिळतो, गोष्टीला नाही.

ईगलवर किंवा कॅनडाच्या मेपल लीफ या चांदीच्या नाण्यावर दुधाळ पांढरे ठिपके असतात, ते टोनिंग नाही. त्याला मिल्क स्पॉट म्हणतात, ग्रेड खाली ओढतात, आणि डिप करून जातीलच असं नाही.

आता साफसफाई. एका वाक्यात सांगतो, घासू नका, पुसू नका, डिप करू नका. डिपने सल्फाइडचा थर निघतो म्हणजे ज्यासाठी पाठवताय तोच रंग गेला, वर पृष्ठभागाची थोडी चांदीही जाते. अपवाद एकच, जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातला पीव्हीसीचा हिरवट चिकट थर असेल तर तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, चांदीच्या टोनिंगला अ‍ॅसिटोन हात लावत नाही. पण शुद्धच घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, जवळपास आग नको, बाहेर काढल्यावर चोळायचं नाही, आपोआप सुकू द्यायचं. हे जमणार नाही असं वाटत असेल तर ग्रेडिंग कंपन्यांची स्वतःची कन्झर्व्हेशन, म्हणजे नाणं जपून साफ करून द्यायची, सेवा असते, तिथे द्या.

एवढं सगळं होऊन नाणं टिकलं तर मग कंपनी निवडायची. मोठी नावं दोन, पीसीजीएस आणि एनजीसी, दोन्ही ऐंशीच्या दशकातली आणि दोघांचीही मोजपट्टी १ ते ७० ची, विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये जुन्या सेंट नाण्यांसाठी काढलेली तीच पुढे सगळ्यांनी उचलली. रंगीत नाण्यासाठी फरक असा की एनजीसी नजरेत भरणाऱ्या नाण्याला ग्रेडसोबत स्टार देते, तर पीसीजीएसकडे ट्रूव्ह्यू म्हणून फोटो काढून घेता येतो. टोन झालेलं नाणं असेल तर फोटोला पैसे टाका, नंतर विकताना तोच फोटो बोलतो. नापास झालं तर पीसीजीएसच्या भाषेत ९१ हा कोड म्हणजे संशयास्पद रंग आणि ९२ म्हणजे साफ केलेलं, हे दोन आकडे लक्षात ठेवा, दुसऱ्याचा स्लॅब विकत घेतानाही कामाला येतात.

ग्रेडबद्दल डोकं थंड ठेवा. रंग सुंदर आहे म्हणून ६७ चं ७० होत नाही. एनजीसीच्या व्याख्येत ७० म्हणजे ५ पट भिंगाखाली टाकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही दोष नाही, आणि वर्षानुवर्षं पुठ्ठ्यात घासलेल्या नाण्याकडून ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही. गडद, काळपट रंगाने लस्टर झाकलं की उलट आकडा खालीच येतो. आणि मॉडर्नमध्ये साधं पांढरं, रंग न चढलेलं ६९ ढिगाने मिळतं, तेव्हा रंग जर अगदीच साधा, जरासा पिवळट असेल तर फी आणि टपालखर्च वसूल होईल का हे आधी बघा, मी अशी नाणी पाठवत नाही, तशीच ठेवून देतो.

फॉर्ममध्ये देश, वर्ष, मूल्य, मिंटमार्क (कोणत्या टाकसाळीचं ते दाखवणारी खूण) नीट लिहा, व्हरायटी म्हणजे साच्यातला काही वेगळेपणा असेल तर तोही. सेवेचा प्रकार नाण्याच्या किमतीवर ठरतो, तेव्हा जाहीर किंमत कमी दाखवून स्वस्तातली सेवा घ्यायच्या फंदात पडू नका, रस्त्यात पार्सल हरवलं तर त्याच आकड्यावर भरपाई. पीसीजीएसला थेट पाठवायचं तर सदस्यत्व लागतं, नाहीतर अधिकृत डीलरमार्फत.

पॅकिंगमध्ये लोक फार गोंधळ घालतात. पीव्हीसी नसलेला कडक फ्लिप, म्हणजे नाणं ठेवायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं छोटं पाकीट, मायलार या प्लॅस्टिकचा चालेल, एका फ्लिपमध्ये एकच नाणं, फ्लिपवर फॉर्मवरचा ओळ क्रमांक. नाणं बसवून पिना मारलेले पुठ्ठे पाठवू नका, पिन काढताना नाण्याला ओरखडा जातो. नाणं भरताना कडेने धरा, खाली मऊ कापड, आणि त्याच्यावर तोंड करून बोलू नका, थुंकीच्या बारीक थेंबाचे डाग पुढे काळे पडतात. सगळे फ्लिप फॉर्मच्या क्रमाने, दोन पुठ्ठ्यांत घट्ट बांधून, छोट्या डब्यात, तो मोठ्या डब्यात. हलवून बघा, आवाज आला तर परत भरा. पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्याच, रंगीत नाण्याचा रंग हीच त्याची ओळख असते. पार्सल देशाबाहेर जाणार असेल तर कस्टमचे कागद आणि विमा दोन्ही आधी विचारून घ्या.

परत आल्यावर लेबल वाचा, वर्ष-मिंटमार्क चुकलेलं असेल तर ती कंपनीची चूक, कळवा, दुरुस्त करून देतात. आणि स्लॅब म्हणजे हवाबंद डबा नव्हे, आतही रंग पुढे सरकू शकतो, तेव्हा कोरड्या जागी ठेवा आणि परत पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकू नका.