वॉर्डातली भांडणं मिटत नाहीत? या चुका टाळा

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात एकाच शिफ्टला मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारे असतात. पेशंटही खानापूर-चिकोडीचे तसे चंदगडकडचे. त्यामुळे जरा बिनसलं की 'भाषेचा वाद' म्हणून मोकळं होता येतं. माझ्या मते बहुतेक भांडणांचं मूळ ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे काम सोपवताना, राहिलेल्या कामात असतं.

प्रश्न आरोपासारखा विचारणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. रात्रीचे आठ वाजलेत. नाईटची सिस्टर विचारते, "तीन नंबरचं इन्सुलिन दिलंच नाही का?" दुपारपासून उभी असलेली, खानापूरची बस चुकेल म्हणून घड्याळ बघणारी सिस्टर फणकारते, "मग मी काय बसून होते?" पुढे कोण किती राबतं यावरच जुंपते आणि इन्सुलिन बाजूलाच राहतं. दिलेलं पुन्हा दिलं तर साखर धाडकन उतरणार, राहिलं असेल तर चढणार.

त्याऐवजी म्हणा, "अक्का, चार्टवर सही दिसत नाही. दिलंय की राहिलंय, एवढं सांगून जावा." भावनिक बुद्धिमत्ता म्हणून जे शिकवतात, त्याची सुरुवात इथे होते: आपला पारा चढलाय हे तोंड उघडण्याआधी ओळखायचं. अर्थात, सही करूनच निघावं हेही खरंच.

नातेवाइकांसमोर झापणं

डोस चुकतोय असं दिसलं तर तिथेच थांबवा, पण "थांबा, एकदा चार्ट बघू" एवढंच म्हणा. बाकीचं नंतर, ड्रेसिंग रूममध्ये.

तिसऱ्यासमोर आपल्या भाषेत कुजबुजणं

दोघी मराठीत हसल्या की कन्नड सहकाऱ्याला वाटतं, विषय आपलाच. उलटही तेच. कामाचं बोलणं सगळ्यांना कळेल अशा भाषेत करा. डबा खाताना हवं ते बोला. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन. त्या दिवसाच्या ड्युट्या आधीच सगळ्यांना विचारून लावल्या तर बरीच कटकट वाचते.

फोनवरची ऑर्डर 'हो, हो' म्हणून घेणं

गोंगाटात फिफ्टीनचं फिफ्टी होतं. लिहून घ्या आणि "वन-फाइव्ह" असं परत वाचून दाखवा. डॉक्टर वैतागले तरी चालेल. "मी असं म्हटलंच नव्हतं" हा वाद त्याहून वाईट.

चूक सांगणाऱ्यालाच धारेवर धरणं

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात दवाखान्यांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या वॉर्डांत चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे लोक सांगायला घाबरत नव्हते, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणून इन्चार्जने कोरं रजिस्टर बघून खूश होऊ नये. भांडण झालंच तर "आपापसांत मिटवा" म्हणून हात झटकू नयेत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर विषय काढूच नये. दोघींचं वेगवेगळं ऐकावं, मग चार्ट समोर ठेवून एकत्र बसावं, तेही दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर.