बर्फाळ चंद्रांवरची विवरं मोजायची तर

लोणारचं विवर आपल्या विदर्भातलंच. व्यास सुमारे 1.8 किमी, काळ्या बेसॉल्टमध्ये आघातानं पडलेली वाटी. गुरूच्या गॅनिमीड या बर्फाळ चंद्रावर एवढ्या व्यासाचं विवर साधारण असंच वाटीसारखं दिसेल. पण तिथे 2-3 किमी ओलांडले की आकार बिघडतो: कडा ढासळतात, मधोमध उंचवटा येतो. आपल्या चंद्रावर हा बदल दिसायला 15 किमीच्या पुढे जावं लागतं, आणि गुरुत्व तर दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक आहे तो बर्फाचा. उणे 160 अंशांच्या आसपास तो दगडासारखा कडक असतो खरा, पण आघाताच्या धक्क्यात दगडाआधी हार मानतो. आतून ऊब मिळाली तर लाखो-कोटी वर्षांत विवराचा तळही वर फुगून येतो; कड मात्र ओळखू येते.

सुरुवात गुरूच्याच युरोपा या चंद्रापासून करा. अमेरिकेच्या यूएसजीएस या भूसर्वेक्षण संस्थेकडे व्हॉयेजर आणि गॅलिलिओ यानांच्या फोटोंचा जोडनकाशा फुकट मिळतो, 500 मीटरला एक पिक्सेल. डाउनलोड रात्री लावा. लाइन गेली तरी पुढून चालू होईल असा डाउनलोडर हवा. नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पहिल्यांदा त्रिज्या तपासा. युरोपाची 1560.8 किमी आहे. अंशांतल्या नकाशाला चुकून पृथ्वीची त्रिज्या चिकटली, तर प्रत्येक माप चौपट येतं. प्विल हे विवर सुमारे 26 किमीचं. ते शंभराच्या वर भरलं की समजायचं काय झालंय.

मोजणीत 10 पिक्सेलपेक्षा लहान विवर धरू नका, म्हणजे इथे 5 किमी. आणि 500 मीटर हा आकडा फक्त कागदावरचा. गॅलिलिओचा मुख्य अँटेना पूर्ण उघडलाच नाही, त्यामुळे फोटो थोडे आले, आणि काही भागांत खरा तपशील किलोमीटरांत आहे. विवरं जितकी जास्त तितका पृष्ठभाग जुना, असा वयाचा हिशोब असतो. अशा धूसर पट्ट्यात विवरं दिसली नाहीत म्हणून नवखे लोक ‘पृष्ठभाग तरुण’ असं लिहून मोकळे होतात. तरुण वगैरे काही नाही, फोटो धूसर आहे. मूळ फोटोंच्या कडा वेगळ्या थरावर आखून घ्या आणि प्रत्येक तुकड्याची मोजणी वेगळी ठेवा.

मोठ्या आघातातून उडालेले बर्फाचे तुकडे पडूनही विवरं होतात. ती झुबक्यानं किंवा ओळीनं असतात, आकारानं ओबडधोबड. युरोपावरच्या 1 किमीखालच्या विवरांत बहुसंख्य अशीच. ती मिसळली की वयाचा हिशोब गेला.

खोलीसाठी जोडनकाशा चालत नाही, कारण त्यात वेगवेगळ्या वेळचा उजेड एकत्र आलेला असतो. एकच फोटो घ्या, सूर्याच्या दिशेनं सावली मोजा. समजा ती 12 पिक्सेल आहे, एक पिक्सेल 150 मीटर, म्हणजे 1800 मीटर. सूर्य क्षितिजापासून 25 अंशांवर असेल तर 1800 गुणिले टॅन 25, सुमारे 840 मीटर. फाइलमध्ये मात्र बहुतेकदा आपाती कोन, म्हणजे क्षितिजाऐवजी उभ्या रेषेपासून मोजलेला, दिलेला असतो, 65. तो तसाच घातला की 3860 मीटर! एक पिक्सेल चुकला तरी 8 टक्के फरक पडतो. सावलीचं टोक उतारावरच संपत असेल, तर ती खोली तळाची नव्हेच.

शिक्षणासाठी बीएस्सीला भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घ्या. भूशास्त्राचे पदव्युत्तर विभाग नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत आहेत. पीएचडीसाठी अहमदाबादच्या पीआरएलकडे (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) बघा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र पहिल्या वर्षापासूनच. युरोपा क्लिपर हे यान एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोचतंय, ज्यूस हे दुसरं यान जुलै 2031 मध्ये. तोवर हात बसलेला हवा.

सावलीचा सराव वावरातल्या विजेच्या खांबावर करा. जमीन सपाट असावी, धुऱ्यावर सावली चढली की माप गेलं. सूर्याची उंची मोबाइलवर कळते. 30 अंशांवर 8 मीटरच्या खांबाची सावली सुमारे 13.9 मीटर भरते. हिशोबात खांब 24 मीटरचा निघाला, तर कोन उलटा धरलाय.