खानापूरचा पाऊस, अथणीचं ऊन आणि नव्या स्लॅबचं पाणी

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे आषाढात आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, आणि त्याच बेळगाव जिल्ह्यात अथणीला एप्रिलमध्ये सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटला हात लावता येत नाही. ‘नव्या काँक्रीटला सात दिवस पाणी मारा’ हा एकच हिशोब दोन्हीकडे लावला की घर बिघडतं.

आधी सिमेंटची पिशवी वाचा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला (साधं पोर्टलँड सिमेंट) किमान ७ दिवस पाणी, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) किंवा स्लॅग (पोलाद भट्टीची मळी मिसळलेल्या) सिमेंटला १०. कोरड्या उन्हाळ्यात हेच १० आणि १४ धरायचे. सात दिवसांचा नियम तोंडपाठ असलेल्या गवंड्याला पीपीसीची पिशवी दाखवावी लागते.

अथणी, रायबागकडे उन्हाळ्यात स्लॅब पहाटेच ओता. खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ती सावलीत ठेवा. ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर जाऊ नये. खरा त्रास वाऱ्याचा. पृष्ठभागावरचं पाणी उडालं की थापी फिरते न फिरते तोच केसासारख्या भेगा पडतात. माल ओला असेपर्यंत त्या थापीने पुन्हा दाबून बुजवा आणि लगेच प्लास्टिक अंथरा. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवणं ही जुनी खोड. त्याने फक्त पापुद्रा तयार होतो. माल घट्ट झाला की स्लॅबवर आळी (छोटे बांध) घालून ५ सेंटीमीटर पाणी तुंबवा. कॉलमवर पाइपने मारलेलं पाणी वाहून जातं, म्हणून गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा आणि ते सतत ओलं राहील असं बघा.

पावसाळ्यात गडबड उलटी. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटच्या ठरीव प्रमाणाच्या मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या पिशवीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. त्याच पिशवीमागे साधारण ८० किलो वाळू पडते. ती ५ टक्के ओली असेल तर ४ लिटर पाणी वाळूबरोबरच आलं, वरून २६ लिटरच घाला. शिवाय ओली वाळू फुगते, त्यामुळे फर्म्याने (मापाच्या पेटीने) मोजली तर कमी पडते. काचेच्या बरणीत २० सेंटीमीटर ओली वाळू न दाबता भरा, पाणी ओतून ढवळा, बसू द्या. १६ वर आली तर वाळू २५ टक्के फुगलेली आहे. चार फर्म्यांच्या जागी पाच घ्या.

आणि पाऊस म्हणजे क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) नव्हे. वरचा स्लॅब भिजतो, पण त्याच्या खालचे कॉलम आणि बीम कोरडेच राहतात. कोसळत्या पावसातही त्यांना पाणी मारावं लागतं. शेजारी हसले तर हसू द्या.

आयएस ४५६ मधले सेंट्रिंग काढण्याचे दिवस ओपीसी आणि १५ अंशांच्या वरच्या हवेसाठी लिहिलेले आहेत: दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यावर १४, बीमचे ६ मीटरपर्यंत १४, त्यावर २१. पौषात बेळगावात रात्री पारा त्याखाली उतरतो. तेव्हा किंवा पीपीसी असताना टेकू आणखी काही दिवस राहू द्या, भाडं वाढलं तरी.

पाणी मारणं संपलं की घर वाळवायचं, आणि बऱ्याच घरांचं इथेच चुकतं. खानापूर भागात गणपतीपूर्वी घरात जायचं म्हणून ओल्या गिलाव्यावर पुट्टी चढते. पुढच्या श्रावणात पोपडे धरतात. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत तर पाणी पिऊन बसलेली असते, तिला वीटभिंतीपेक्षा जास्त वेळ द्या. भिंतीवर ४५ सेंटीमीटरचा चौकोनी प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी आतून घाम दिसला किंवा भिंतीवर काळपट डाग पडला तर रंगारी परत पाठवा. पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर येणारे क्षार) आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो विरघळून परत आत मुरतो. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या घरांनी रंग दिवाळीनंतरच द्यावा, तोही संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हा कागद पुन्हा एकदा लावून पाहिल्यावर.