पोकळ फायबर हाताळताय? या चुका टाळा

साताऱ्यात नेटची फायबर जोडणारे गल्लोगल्ली आहेत, मीपण आधी तेच काम करायचो, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पोकळ फायबरचा (मधोमध पोकळी, भोवती बारीक भोकांची काचेची जाळी, प्रकाश काचेऐवजी मधल्या हवेतून जातो) तुकडा हातात आला तेव्हा नेमका तोच बसलेला हात नडला.

टोक कापलं आणि सवयीने स्पिरिटचा टिश्यू फिरवला, तर पॉवर मीटरवरचा (पलीकडे किती प्रकाश पोचतो ते दाखवणारा) आकडा जो पडला तो वर आलाच नाही. मायक्रोस्कोपखाली बघतो तर अर्धी भोकं ओली! भोकं काही मायक्रोमीटरची, वात तेल ओढते तसं त्यांनी स्पिरिट आत ओढलं होतं. फुंकर मारू नका, श्वासातली वाफ आत जाते. सरळ पाच-दहा सेंटिमीटर कापून नवं टोक काढा. पुसायचं ते कोटिंग काढल्यावर, कापायच्या आधी, नंतर टोकाला काहीच लावायचं नाही.

दुसरं म्हणजे लाल लाइट मारून चेक करणं. १५५० नॅनोमीटर (म्हणजे १.५५ मायक्रोमीटर) तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेल्या फायबरमधून लाल उजेड दिसला तरी तो बहुतेक आजूबाजूच्या काचेतून आलेला असतो, मधल्या पोकळीतून नाही. साध्या फायबरमधलं पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे प्रकाश कडेवर आपटून पूर्ण आत परतणं, इथे चालतच नाही हो, त्यासाठी मधल्या भागाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) भोवतीपेक्षा जास्त लागतो, आणि इथे मधल्या हवेचा १ आणि काचेचा साधारण १.४५, म्हणजे सगळं उलटं. प्रकाश अडवते ती भोवतीची जाळी, आपल्या महाबळेश्वरच्या मधाच्या पोळ्यासारखी, आणि तीही ठराविक पट्ट्यातलाच. बाथ विद्यापीठात १९९९ मध्ये अशी पहिली फायबर झाली, मला आजही ती कल्पना भारी वाटते.

पोकळीभोवती पोळ्याऐवजी पातळ काचेच्या नळ्यांचं डिझाइन करत असाल तर भिंतीची जाडी आधी तपासा. जाडीला साधारण २.१ ने गुणलं की जी तरंगलांबी येते तिथे प्रकाश काचेत शिरून गळतो. ०.७४ मायक्रोमीटर घेतली तर गळती बरोबर १.५५ मायक्रोमीटरवर, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात, ०.५ घेतली तर ती १.०५ कडे सरकते आणि १.५५ मोकळं राहतं.

जोड मारताना नेहमीचा आर्क (काच वितळवून जोडणारी विजेची ठिणगी) दिला की भोकं वितळून मिटतात, आर्क कमी करा आणि वेळही. पावसाळ्यात टोकं उघडी ठेवू नका, बाष्प आत जाऊन प्रकाश शोषतं. आणि जोड चांगला बसूनही साध्या फायबरकडून साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येत असेल तर पुन्हा पुन्हा कापत बसू नका, काच संपून हवा सुरू होते तिथे तेवढा येणारच.