आधी सगळं बंद, मग हवं तिथेच गणित

नाशिकच्या गंगापूर रोडला मी बारावीचं गणित शिकवतो आणि मुलांसाठी नोट्सची वेब पानं स्वतः बनवतो. पानावर सूत्रं नीट दिसावीत म्हणून मॅथजॅक्स (टाइप केलेली सूत्रं ब्राउझरमध्ये गणिती रूपात दाखवणारी स्क्रिप्ट) जोडणं सोपं आहे. ते कुठे चालू नये हे ठरवण्याकडे मात्र बहुतेक शिक्षकांचं लक्ष जात नाही, आणि त्याचा त्रास मुलांना होतो.

आपल्याकडच्या द्राक्षांचंच उदाहरण घ्या: ‘व्यापाऱ्याने पेटी $8 ला घेऊन $10 ला विकली, तर शेकडा नफा किती?’ एकेरी डॉलरला सूत्राची खूण मानण्याची सोय चालू असेल, तर दोन डॉलरमधला मजकूर सूत्र ठरतो. पानावर उमटतं ‘पेटी 8लाघेऊन10 ला विकली’. शब्दांमधल्या जागा गेल्या, काना-मात्रा विस्कटले आणि दोन्ही डॉलरही गायब! मूल ते रुपये समजून पुढे जातं.

म्हणून पहिलं काम: एकेरी डॉलर बंदच ठेवा. मॅथजॅक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत तो मुळात बंदच असतो. कुठून तरी उचललेल्या सेटिंगमुळे चालू होतो. ओळीतल्या सूत्राला \( आणि \) पुरे, स्वतंत्र ओळीतल्या सूत्राला \[ आणि \].

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. सेटिंगमध्ये ‘इग्नोर एचटीएमएल क्लास’ आणि ‘प्रोसेस एचटीएमएल क्लास’ असे दोन पर्याय आहेत. क्लास म्हणजे पानाच्या एखाद्या भागाला लावलेलं नाव: पहिल्या पर्यायातलं नाव ज्या भागाला लावाल तो मॅथजॅक्स सोडून देतं, दुसऱ्यातलं लावाल तो तपासतं. मी पहिल्यात ‘साधा’ आणि दुसऱ्यात ‘गणित’ अशी नावं दिली आहेत. क्लासचं नाव देवनागरीत चालतं, फक्त फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट जपणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह करा. मग बॉडी टॅगला (ज्याच्या आत पानाचा सगळा मजकूर असतो) ‘साधा’ क्लास लावायचा, म्हणजे सगळं पान बंद. ज्या डिव्हमध्ये (पानाच्या एका गटाचा टॅग) सूत्रं आहेत तेवढ्यालाच ‘गणित’ लावायचा. त्या डिव्हच्या आतला एखादा परिच्छेद पुन्हा वगळायचा असेल तर त्याला ‘साधा’ लावा. सर्वांत आतला क्लास लागू होतो. नवं पान करताना मेनू, सूचना, फीचा तक्ता यांची काळजीच उरत नाही.

हे सेटिंग मॅथजॅक्सची स्क्रिप्ट लोड होण्याआधी पानात आलं पाहिजे. नंतर लिहिलेलं वाचलं जात नाही. सेटिंग बरोबर असूनही परिणाम दिसत नसेल तर आधी हा क्रम तपासा.

मुलांना सूत्र टाइप कसं करायचं ते दाखवायचं असेल तर तो नमुना प्री किंवा कोड टॅगमध्ये ठेवा. मॅथजॅक्स ते टॅग आपणहून सोडून देतं.

सूत्राच्या मध्येच ठळक अक्षरांचा टॅग घालू नका, सूत्र तुटतं. ‘पेक्षा लहान’ चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, नाहीतर ब्राउझर त्यालाच टॅगची सुरुवात समजतो. सूत्रात मराठी शब्द हवाच असेल तर तो टेक्स्ट आज्ञेच्या (\text) महिरपी कंसात लिहा. अक्षरं आणि जागा शाबूत राहतात.

शेवटी पान रिफ्रेश करून सूत्रावर राइट क्लिक करा. मॅथजॅक्सचा मेनू उघडला तर तो भाग चालू आहे. मग तेच फीच्या तक्त्यावर करा: तिथे ब्राउझरचा नेहमीचा मेनू यायला हवा.