स्वच्छंदतावादी निसर्गचित्र कसे पाहावे

अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध या काळात युरोपात जी स्वच्छंदतावादी (रोमँटिक), म्हणजे भावनेला अग्रस्थान देणारी निसर्गचित्रे रंगवली गेली, त्यांच्यासमोर उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा चित्रात काय काय आहे याची मोजदाद करू लागतो. डोंगर आहे, धुके आहे, पडके चर्च आहे, बोट आहे, अशी यादी झाली की तो पुढच्या चित्राकडे वळतो आणि ‘छान आहे’ एवढाच शेरा मनात उरतो. या चित्रांतली भावना मात्र वस्तूंमध्ये क्वचितच साठवलेली असते. चित्रकाराने आपल्याला कोठे उभे केले आहे, आपल्या पायांखाली काय ठेवले आहे आणि काय काढून घेतले आहे, यावर ती बव्हंशी अवलंबून असते. त्यामुळे पुढे सांगितलेल्या पद्धतीची सुरुवात पायांपासून होते.

त्याआधी एक पथ्य पाळावे. पहिली दोन-तीन मिनिटे चित्राशेजारची माहितीपट्टी वाचू नये. शीर्षक आधी कळले की नजर त्याचा पुरावा शोधत फिरते. जे. एम. डब्ल्यू. टर्नर याने १८४२ मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘हिमवादळ’ या चित्राच्या लांबलचक शीर्षकात, ‘एरिअल’ ही बोट हार्विच बंदरातून निघाली त्या रात्री चित्रकार स्वतः या वादळात होता, असे म्हटले आहे. हा दावा शब्दशः खरा असण्याबद्दल अभ्यासक साशंक आहेत. परंतु तो एकदा वाचला की प्रेक्षक वादळ पाहायचे सोडून टर्नरच्या धाडसाचा विचार करू लागतो. पट्टी कोठे पळून जात नाही, ती शेवटी वाचावी.

आता पहिला प्रश्न विचारावा: मी कोठे उभा आहे? हा प्रश्न किती परिणामकारक आहे हे समजण्यासाठी जुन्या पद्धतीचे निसर्गचित्र डोळ्यांसमोर आणावे लागते. सतराव्या शतकातील क्लोद लोरँ याच्या धाटणीच्या चित्रात एका बाजूला रंगमंचाच्या पडद्यासारखे मोठे झाड असते, पुढे थोडी जमीन असते, तिथून एखादी पायवाट किंवा नदी वळणे घेत मध्यभूमीपर्यंत, म्हणजे जवळची जमीन आणि दूरचे क्षितिज यांमधल्या भागापर्यंत, जाते आणि शेवटी निळसर अंतर विरघळते. नजरेला पायरी-पायरीने आत नेण्याची ती व्यवस्था असते, आणि म्हणूनच अशा चित्रासमोर मन निवांत होते. स्वच्छंदतावादी चित्रकारांना ही व्यवस्था चांगली ठाऊक होती. तिच्यातील नेमकी कोणती पायरी काढून घेतली आहे हे शोधणे, हे आपले मुख्य काम.

या शोधासाठी कास्पार डाव्हिड फ्रीडरिक (१७७४–१८४०) याचे ‘समुद्रकाठचा भिक्षू’ हे चित्र सर्वांत उपयोगी आहे. ते १८०८ ते १८१० या काळात रंगवले गेले आणि आज बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. खाली फिकट वाळूचा अरुंद पट्टा आहे. त्यावर काळ्या वस्त्रातला, पाठमोरा, इवलासा एक माणूस आहे. त्याच्यापुढे जवळजवळ काळ्या समुद्राची बारीक पट्टी आणि तिच्यावर पांढरे मोजके ठिपके आहेत. उरलेले सगळे चित्र, म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग, आकाशाने व्यापला आहे. कडेला झाड नाही, त्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे नजर अडत नाही. मध्यभूमी नाही, त्यामुळे ती आतही जाऊ शकत नाही. चित्राच्या तांत्रिक तपासणीत असे दिसून आले की फ्रीडरिकने आधी समुद्रावर जहाजे रेखाटली होती आणि नंतर ती नाहीशी केली. ती जहाजे राहिली असती तर अंतराचा अंदाज आला असता, ‘ते तिकडे, मी इकडे’ असा हिशेब जमला असता. जहाजे गेली आणि हिशेबही गेला. हे चित्र १८१० मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झाले, तेव्हा लेखक हाइनरिक फॉन क्लाइस्ट याने लिहिले की ते पाहताना जणू आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखे वाटते. उपमा क्रूर आहे, पण अचूक आहे: पाहणे थांबवण्याची सोय चित्राने ठेवलेली नाही.

येथे एक प्रयोग करावा. छापील प्रतिकृतीवर अंगठ्याने तो भिक्षू झाकावा आणि अर्धे मिनिट चित्र पाहावे. बहुतेकांना चित्र अचानक सौम्य वाटू लागते. उदास हवामानाचा एक अभ्यास, एवढेच ते उरते. अंगठा काढताच आकाश पुन्हा प्रचंड होते. म्हणजे भव्यता आकाशात आहे असे आपल्याला वाटत होते, तिचे माप प्रत्यक्षात त्या इवल्याशा उभ्या काळ्या रेघेत होते. मनुष्याकृती कोठे आहे, केवढी आहे आणि कोणीकडे तोंड करून उभी आहे, हे प्रत्येक चित्रात याच रीतीने तपासावे.

पाठमोरी आकृती हे फ्रीडरिकचे आवडते साधन होते आणि त्याचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे हँबुर्गच्या कुन्स्टहालेतील, १८१८ च्या सुमारास रंगवलेला ‘धुक्याच्या समुद्रावरील भटका’. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि भित्तिपत्रकांवर हे चित्र इतके वापरले गेले आहे की ते आता जिद्दीचे आणि विजयाचे चिन्ह मानले जाते. माझ्या मते हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे. नीट पाहिल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांच्या रेषा घसरत येऊन त्या माणसाच्या छातीपाशी मिळतात, म्हणजे जे ठिकाण पाहण्याची आपल्याला सर्वाधिक ओढ लागते तेच त्याच्या शरीराने झाकलेले आहे. दुसरी म्हणजे, तो उभा आहे तो काळा खडक एकदम संपतो आणि त्यानंतरची जमीन धुक्याने गिळली आहे. खडकापासून दूरच्या डोंगरापर्यंत जाण्याचा मार्गच चित्रात नाही. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसल्यामुळे तो आनंदात आहे की भेदरलेला आहे हे ठरवता येत नाही, आणि ती रिकामी जागा प्रेक्षक स्वतःच्या मनःस्थितीने भरतो. एकाच चित्राने कोणाला उभारी येते आणि कोणाला पोरके वाटते, त्याचे कारण हे आहे. असे स्थळ जसेच्या तसे कोठेही नाही, हेही सांगायला हवे. एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या डोंगररांगांत केलेली निरनिराळी रेखाटने चित्रकाराने ड्रेस्डेनच्या आपल्या चित्रशाळेत एकत्र जुळवली.

पायांनंतर आकाशाकडे वळावे, आणि त्यासाठी गुरू बदलावा. जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याच्या चित्रांत भयाचे नावही नसते, म्हणून घाईत असलेला प्रेक्षक त्याला या पंथाबाहेर काढतो. त्याने मात्र आकाशाला भावनेचे मुख्य इंद्रिय मानले होते आणि चित्रकला हे भावनेचेच दुसरे नाव आहे असे पत्रात लिहिले होते. १८२१ आणि १८२२ या वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे त्याने ढगांचे कित्येक अभ्यास तैलरंगात केले आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा अशा नोंदी केल्या. भावना उत्कट हवी असेल तर निरीक्षण काटेकोर हवे, ही त्याची शिस्त होती.

१८२१ चे ‘द हे वेन’ पाहताना, उथळ पाण्यात थांबलेल्या गाडीपासून आरंभ करण्याचा मोह आवरावा आणि वरून खाली यावे. ढगांच्या कोणत्या फटीतून ऊन पडते आहे ते आधी शोधावे, मग तेच ऊन दूरच्या कुरणावर कोठे उतरले आहे ते पाहावे, मग झाडांच्या ओलसर पानांवर आणि पाण्याच्या कडेला कुंचल्याच्या टोकाने ठेवलेले पांढरे कण पाहावेत, आणि अगदी शेवटी घोड्यांच्या साजावरील लाल रंगाकडे यावे. एवढ्या हिरव्या-तपकिरी विस्तारात तो थोडासा लाल रंग काढून टाकल्याची कल्पना केली तर सगळी हिरवळ निस्तेज होते. या क्रमाने उतरल्यावर असे जाणवते की चित्रात काहीही घडत नाही, तरी हा क्षण पुढच्या ढगाबरोबर संपणार आहे. कॉन्स्टेबलने हे मोठे चित्र लंडनमध्ये रंगवले. स्थळ होते सफोकमधील फ्लॅटफर्डचे, जिथे त्याच्या वडिलांची गिरणी होती. दूर राहून आठवलेल्या बालपणाची हुरहुर त्यात आहे, पण ती विषयातून येत नाही, हवामानातून येते.

चरित्राचा उपयोग मात्र जपून करावा. १८२८ मध्ये कॉन्स्टेबलची पत्नी मारिया निवर्तली आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘हॅडली किल्ला’ प्रदर्शित केला: भग्न बुरूज, फाटलेले आकाश, खाली पसरलेले नदीमुख. शोक आणि भग्नावशेष यांची सांगड लगेच घालावीशी वाटते. परंतु त्या किल्ल्याचे रेखाटन त्याने १८१४ मध्येच, म्हणजे लग्नाच्याही आधी केले होते. तेव्हा शोकाने किल्ला निर्माण केला नाही. जुन्या वहीतले कोणते पान उघडायचे, एवढे मात्र त्याने ठरवले असावे. प्रेक्षकाने आधी फाटलेले आकाश पाहावे आणि मग मारियाविषयी वाचावे. क्रम उलटला तर चित्र केवळ शोकसंदेश बनते.

टर्नरकडे जाताना प्रश्न थोडा बदलावा: प्रत्यक्षात जे होते त्यातले याने काय बदलले? ‘द फायटिंग टेमेरेअर’ (१८३९) या चित्रात जुनी युद्धनौका मोडण्यासाठी ओढून नेली जात आहे. १८३८ मध्ये ही नौका खरोखर नेली गेली तेव्हा तिच्या डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या आणि तिला दोन वाफेच्या बोटी ओढत होत्या. टर्नरने डोलकाठ्या परत उभ्या केल्या आणि एकच बोट ठेवली. त्यामुळे पुढे काळपट, बुटकी, धूर ओकणारी बोट आणि मागे उंच, फिकट, जवळजवळ पारदर्शक जहाज अशी जोडी तयार झाली, आणि निरोपाची भावना या एका विरोधातून उमटली. मूळ चित्र पाहण्याची संधी मिळाली तर कॅनव्हासकडे थोडे बाजूने, तिरकस पाहावे: मावळत्या सूर्याच्या परिसरात रंगाचा थर जाड दिसतो. प्रकाशाला वस्तूपेक्षा अधिक वजन देण्याची ही युक्ती छापील प्रतीत सपाट होऊन जाते.

भयाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. विचारवंत एडमंड बर्क याने १७५७ मध्ये उदात्ताविषयी जे प्रतिपादन केले, त्याचा गाभा असा की विशालता, अंधार, अस्पष्टता यांतून येणारे भय सुरक्षित अंतरावरून अनुभवले तर त्यातून एक विलक्षण आनंद मिळतो. म्हणून वादळाच्या चित्रासमोर ‘किती भयानक’ म्हणून थांबू नये. हे सुरक्षित अंतर चित्रकाराने किती ठेवले आहे ते मोजावे. इव्हान आयवाझोव्स्की याच्या ‘नववी लाट’ (१८५०) या चित्रात माणसे तुटलेल्या डोलकाठीला लटकली आहेत, पण लाटेमागून येणारा उबदार उजेड सुटकेची आशा दाखवतो. फ्रीडरिकच्या ‘बर्फाचा समुद्र’ (१८२३–२४) या चित्रात अशी सवलत नाही. बर्फाचे टोकदार थर एकमेकांवर चढले आहेत आणि चिरडलेले जहाज बाजूला इतके लहान दिसते की ते शोधावे लागते. हे चित्र त्याच्या हयातीत विकले गेले नाही, यात मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

आकाराकडे दुर्लक्ष करू नये. पडद्यावर सगळी चित्रे तळहाताएवढी होतात, आणि ज्या कलेची सारी भिस्त प्रमाणावर आहे तिचे त्यात सर्वाधिक नुकसान होते. उपाय सोपा आहे: चित्राची मापे पाहून तेवढा आयत दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने भिंतीवर आखावा आणि मग प्रतिकृती हातात धरून त्या आयतासमोर उभे राहावे. ‘समुद्रकाठचा भिक्षू’ ११० × १७१.५ सेंटिमीटर आहे, ‘भटका’ साधारण ९५ × ७५, तर ‘नववी लाट’ २२१ × ३३२. पहिल्यासमोर दोन्ही हात पसरले की कडा हाताशी येतात, शेवटच्यासमोर येत नाहीत. संग्रहालयात असताना प्रत्येक चित्र किमान दोन अंतरांवरून पाहावे, एकदा त्याच्या रुंदीच्या दीडपट मागून आणि एकदा हातभर अंतरावरून. चित्रकार फ्रेडरिक चर्च याचे ‘अँडीजचे हृदय’ हे चित्र १८५९ मध्ये न्यूयॉर्क येथे मांडले गेले, तेव्हा लोक पंचवीस सेंट देऊन येत आणि नाटकगृहातील दुर्बिणीतून त्यातली पाने-फुले न्याहाळत.

शेवटी कागदावर एक वाक्य लिहावे आणि त्यात ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘शांत’ हे शब्द टाळावेत. ‘मला एक पाऊल मागे सरावेसे वाटते’, ‘तो माणूस बाजूला झाला तर बरे’, ‘हे ऊन आता जाईल’ अशी शरीराशी आणि जागेशी जोडलेली वाक्ये चित्राविषयी अधिक सांगतात. त्यानंतर माहितीपट्टी वाचावी.

सरावासाठी थॉमस कोल याचे ‘द ऑक्सबो’ (१८३६) घ्यावे. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. डाव्या बाजूला वादळ, मोडलेले झाड आणि रानटी उतार. उजव्या बाजूला उन्हात न्हालेली, नांगरलेली, नदीच्या वळणाने वेढलेली सपाट भूमी. आपण कोठे उभे आहोत हे आधी ठरवावे. उत्तर डाव्या बाजूच्या उंचवट्यावर असे येईल. मग खालच्या भागातील खडकांमध्ये टोपी घातलेला एक चित्रकार शोधावा, कारण कोलने तेथे स्वतःला रंगवले आहे. तो सापडायला वेळ लागतो. सापडल्यावर लक्षात येते की तो भिक्षूसारखा पाठमोरा नाही. चित्र काढता काढता त्याने मान वळवली आहे आणि तो आपल्याकडेच पाहतो आहे.